खोलीत दुसरं कोणी नको

आमच्या घरात फोन चार आहेत, पण नंबर एकच, दादाचा. गॅसचा सिलिंडर दादाच्या नंबरवर, विजेचं बिल दादाच्या नंबरवर, आईची पेन्शन, वहिनीचं आधार, माझा पगार, सगळ्यांचे मेसेज दादाच्या खिशात जाऊन पडतात. दादा रेल्वेत आहे, मालधक्क्यावर क्लार्क. तिथं वॅगनचा खडखडाट, हमालांची आरडाओरड आणि मधेच आमच्यापैकी कोणाचा तरी फोन, दादा, ओटीपी आला का? मग दादा एका कानावर हात दाबून आकडे वाचून दाखवतो, दोन-दोनदा. इतक्या वर्षांत त्यानं कधी कंटाळा केला नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्याच्यावर बरीच चिडणार आहे.

मी नर्स. रायपूरच्या गुढियारीत रेल्वे लाइनच्या अलीकडं आमचं घर, बाबांनी नोकरीत असताना बांधलेलं. समोरची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, आणि दोन्ही खोल्यांच्या मधे दाराऐवजी पडदा. त्यात आई, दादा, वहिनी आणि मी. लग्न झालं नाही माझं. त्याची काही मोठी कथा नाही; बाबांचं आजारपण, मग नाइट ड्यूट्या, मग वय. पहिला पगार होणार होता तेव्हा दादा मला बँकेत घेऊन गेला आणि खातं दोघांच्या नावानं उघडलं. नंबर लिहायची वेळ आली तेव्हा त्यानं स्वतःचा लिहिला. पोरीबाळीचा नंबर कशाले द्या कोणाले, म्हणाला. पिनही त्यानंच ठरवला. मला तेव्हा ते बरं वाटलं होतं, आपल्यामागं कोणीतरी उभं आहे असं.

पुढं पुढं त्याचा त्रास व्हायला लागला, पण तो इतका बारीक की तक्रार करायचीही लाज वाटावी. आता कोथिंबीरवालीसुद्धा फोनवर पैसे घेते. माझ्या फोनवर ते चालत नाही, कारण खात्याचा नंबर माझा नाही. ट्रेनी पोट्ट्या कॅन्टीनमध्ये फोन दाखवून निघून जातात आणि मी सुट्ट्यांसाठी पर्स उपसत उभी. एकदोनदा दादाला म्हटलं, नंबर बदलू या. तो म्हणाला, हव, जाऊ कधीतरी. ते कधीतरी काही आलं नाही, आणि मीही मागं लागले नाही. बारा तास उभं राहून आल्यावर माणसाला भांडायचाही कंटाळा येतो.

अशात जर्मनीचं खूळ डोक्यात शिरलं. आमच्या वॉर्डातली एक ज्युनियर तिकडं गेली, तिथल्या वृद्धाश्रमात लागली, आणि फोनवर सांगायला लागली की इथं सिस्टर म्हटलं की डॉक्टरही नीट बोलतो. मी दीड वर्ष ड्यूटीहून येऊन, पाय गरम पाण्यात सोडून ती भाषा घोकली. एकेक शब्द मालगाडीएवढा लांब. पहिल्या परीक्षेत आपटले, दुसऱ्यात निघाले. मग एका वृद्धाश्रमानं मला घ्यायचं कबूल केलं. दादा म्हणाला, जा, मी अडवणारा कोण. वहिनी म्हणाल्या, ताई, तिकडं थंडी लय असते म्हणतात. आईनं विचारलं, कोन्त्या गावाले? पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका तर तोंडावरच म्हणाल्या की म्हातारीचंच करायचं तर घरी एक आहे ना, इतक्या दूर कशाला? त्यांना काय सांगणार? घरचं कोणी मला पाठवत नव्हतं. पैसा मला हवा होता, नाही कशी म्हणू, पण नुसता पैसा नाही. मी एकटी असले की कशी असते, ते मला एकदा बघायचं होतं.

घोडं अडलं ते बँकेच्या खात्यावर. तिकडची रीत अशी की पत्त्याचा कागद असल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही, आणि बँकेचं खातं असल्याशिवाय कोणी घर भाड्यानं देत नाही, म्हणजे पत्ता नाही. तेव्हा वृद्धाश्रमाच्या बाईंनी लिहिलं की खातं तिथूनच उघडून या. एक बँक आहे, ती व्हिडिओ कॉलवर ओळख पटवते. खात्याचा नंबर आल्यावर पुढचे कागद, मग व्हिसा. बँकेचा नियम एवढाच की ओळख पटवायला तीन वेळा संधी. तिन्ही हुकल्या तर अर्ज बंद, मग पुन्हा सहा महिने भरता येत नाही. आणि वृद्धाश्रम सहा महिने थांबणार नव्हता, हे त्या बाईंनी फार गोड शब्दांत कळवलं होतं.

अर्ज मी फोनवरच भरला, नाइट संपता संपता. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट. मोबाइल नंबर विचारला तिथं बोटांनी आपोआप दादाचा नंबर टाकला. मी विचार करून टाकला असता तर गोष्ट वेगळी. हाताला दुसरा नंबर येतच नव्हता.

पहिल्या कॉलचा दिवस ठरला तर घरात पाहुणे येणार असल्यासारखी तयारी. वहिनींनी गोल बाजारातून नवी चादर आणून समोरच्या खोलीतल्या दिवाणावर घातली. आईला धुवट लुगडं नेसवून खाटेवर बसवलं. दादानं अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि सगळ्या कागदांची फाइल मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसला. मी म्हटलं, दादा, मला एकटीलाच बसायचं आहे, असं लिहिलंय. तो म्हणाला, हव, तूच बोल, मी बसून तं राहतो. मला हसू आलं. आयुष्यात मला पाहायला असं रीतसर कोणी आलं नव्हतं, आणि आता आलं तर थेट जर्मनीहून, आणि आमची सगळी मंडळी ओळीनं बसलेली.

फोनच्या स्क्रीनवर कानाला माइक लावलेली एक पोट्टी आली, आमच्या ट्रेनी नर्सच्या वयाची. तिनं इंग्रजीत नाव विचारलं, मी सांगितलं. जन्मतारीख विचारली, ती दादानं सांगितली. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीचं शिक्षण बाप सांगतो, तसं. तिनं विचारलं, तुमच्यासोबत कोणी आहे का? मी काही बोलायच्या आत दादानं फोनमध्ये डोकं घातलं, गुड आफ्टरनून मॅडम, आय ॲम एल्डर ब्रदर, आणि माझी बहीण किती मेहनती आहे ते सांगायला लागला. ती म्हणाली, यांना कृपा करून बाहेर जायला सांगा. दादा उठला आणि पडद्यामागं गेला. आमच्या घरात बाहेर म्हणजे तेवढंच.

मग तिनं पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला, मला मान डावीकडं-उजवीकडं करायला लावली, आणि म्हणाली, आता तुमच्या फोनवर एक कोड येईल तो मला वाचून दाखवा. माझ्या फोनवर काहीच आलं नाही. पडद्यामागून दादाचा मालधक्क्यावरचा आवाज आला, "आला, आला! लिही, सात, चार..."

त्या पोट्टीचा चेहराच बदलला. हा फोन कोणाचा आहे, तिनं विचारलं. मी म्हटलं, भावाचा. मग ती हळू आवाजात, सावकाश बोलायला लागली, जसं आपण वॉर्डात मार खाऊन आलेल्या बाईशी बोलतो. म्हणाली, तुमच्या सुरक्षेसाठी मी ही ओळख इथंच थांबवते आहे. तुम्हाला कोणी जबरदस्ती करत असेल तर मदत मिळू शकते. मी नाही नाही म्हणेपर्यंत स्क्रीन काळी झाली.

दादा बाहेर आला तो हातात फोन धरूनच. काय झालं, त्याला कळेना. आकडे तर त्यानं बरोबर वाचले होते.

रात्री जेवताना मी विषय काढला की जर्मनीच्या खात्यावर माझा नंबर लागेल. आणि जो फोन मी वापरते त्याचं सिमही दादाच्याच नावावर, तेव्हा नवं सिम घ्यावं लागेल. दादा म्हणाला, "माझ्या नंबरात काय खराबी आहे?"

"खराबी नाही. तो तुझा आहे."

"माझा तुझा काहून करून राहिली?"

तिथं माझी सटकली. म्हटलं, "चाळिशी उलटली माझी, दादा. माझ्या पगाराचा मेसेज तुले येते, मले तुले विचारावं लागते की झाला का." आणखीही बोलले, ते इथं लिहीत नाही, काही खरं होतं आणि काही नुसतं थकलेल्या तोंडचं होतं. दादा ताटात भात ठेवून उठला, हात धुतले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. वहिनी भांडी उचलताना म्हणाल्या, ताई, तुमचं काही चुकीचं नाही, पण बोलायची तऱ्हा असते ना. आणि मग माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिल्या, काही विचारायचं असल्यासारख्या. विचारलं मात्र नाही.

सिम घ्यायला दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताजाता थांबले. दुकानातल्या पोऱ्यानं अंगठा घेतला, फोटो घेतला आणि म्हणाला, दीदी, घर में किसी का दूसरा नंबर बता दो, उसके बिना नहीं होगा. मला दादाशिवाय एकाही माणसाचा नंबर तोंडपाठ नव्हता. तोच सांगितला. बाहेर येऊन स्कूटीवर बसले आणि स्वतःवरच इतकी चिडले की किल्ली लावायचंच विसरले.

दुसरा कॉल माझ्या नव्या नंबरवर. दादा ड्यूटीवर होता, वहिनी स्वयंपाकघरात श्वास रोखून बसल्या होत्या, नळसुद्धा बंद. राहता राहिली आई. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, ती खाटेवरून उठायची म्हणजे दोघांचं काम. आणि कानानं तिला जवळजवळ येतच नाही. आम्ही दोघींनी विचार केला की जिला ऐकू येत नाही तिची काय मोजदाद? आईला तिथंच राहू दिलं. आता सांगताना लाज वाटते, पण त्या दिवशी आम्हाला हे अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

या वेळी एक दाढीवाला माणूस होता, बोलायला मऊ. नाव, जन्मतारीख, सगळं मीच सांगितलं. मला जरा बरं वाटायला लागलं. तेवढ्यात तो म्हणाला, फोन जरा खोलीभर फिरवून दाखवा. आता काय करणार? फिरवला. दिवाण दिसला, कूलर दिसला, आणि खाटेवर आई. आईला वाटलं कोणी नातेवाईक फोनवर आहे. तिनं दोन्ही हात जोडून मोठ्यानं जयभीम केला आणि विचारलं, "जेवला का, बाबू?"

त्यानं मला विचारलं, या बाई तुम्हाला खातं उघडायला सांगत आहेत का? मी म्हटलं, साहेब, तिला मी कोणत्या गावाला चालले तेही माहीत नाही. तो हसला, खरंच हसला, पण म्हणाला, मला माफ करा, नियम आहे. खोलीत दुसरं कोणी नको. पुढच्या वेळी अगदी एकट्या बसा, ती शेवटची वेळ असेल.

अगदी एकटी म्हणजे कुठं? मी दोन दिवस हाच विचार करत फिरले. हॉस्पिटलात ड्यूटी रूमला कडीच नाही, आणि असती तरी कोणी ना कोणी डबा खायला येतंच. औषधांच्या स्टोअरमध्ये नेटवर्क नाही. चौबे कॉलनीत माझी एक सोबतीण राहते, तिचा फ्लॅट मोठा आहे, पण तिच्याकडं जा म्हणजे तिच्या सासूला आधी सगळं समजावा, मग सासू म्हणणार, बेटा, तुम बात करो, मैं यहीं बैठी हूँ. आमच्या कोपऱ्यावरचं विहार दुपारी बंद असतं आणि चावी ज्यांच्याकडं ते लग्नासाठी गोंदियाला गेलेले. एवढं मोठं रायपूर पसरलंय, पण दुपारी तासभर एका बाईला एकटं बसायला त्यात खोली नव्हती. खरंच सांगते, मी हात टेकले होते. जाऊ दे ती जर्मनी, असं एकदा वहिनींना म्हणूनही टाकलं.

ते वहिनींनी दादाला सांगितलं असणार. कारण पायरीवर बसल्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता, आणि त्या सकाळी एकदम म्हणाला, "कॉल केव्हा आहे?"

मी म्हटलं, दुपारी. तो म्हणाला, "आम्ही सारे बाहेर बसतो."

मे महिन्यातली दुपार. रायपूरच्या मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही. मी नको म्हटलं. आईला ऊन लागेल, मी म्हटलं. दादानं ऐकलंच नाही. त्यानं लोखंडी खुर्ची समोरच्या घराच्या भिंतीशी नेऊन ठेवली, तिथं हातभर सावली पडते, मग त्यानं आणि वहिनींनी आईला दोन्हीकडून धरून बाहेर नेलं. आई विचारत होती, काय झालं, कोणी गेलं का? वहिनींनी ओला गमछा तिच्या डोक्यावर टाकला. दादा तिच्या शेजारी उकिडवा बसला. येणारी-जाणारी माणसं विचारत असतील, तो काय सांगत होता मला माहीत नाही.

मी आत येऊन दार लावलं, कडी घातली. त्या दाराला दिवसा कडी मी पहिल्यांदाच घातली असेन. कूलर बंद केला, नाहीतर आवाजात काही ऐकू येत नाही. आणि मग ते घर इतकं गप्प झालं की मला कसंतरीच झालं. बाबा गेले त्या दिवशीही या खोलीत इतकं गप्प नव्हतं. जे बघायला मी तिकडं निघाले होते ते इथंच, आमच्या समोरच्या खोलीत सुरू झालं होतं, आणि खरं सांगू, मला फारसं आवडलं नाही. घाम मात्र धारांनी वाहत होता.

कॉल लागला, पण माणूस येईना. थांबा, तुमचा नंबर लवकरच येईल, असं लिहून येत होतं आणि एक गाणं वाजत होतं. एरवी मी तिथं दिवाणावर लवंडले असते. आता बाहेरून आईचा खोकला ऐकू येत होता. एकदा वहिनींचा आवाज आला, पाणी देऊ का? मग काही नाही. मी मनात त्या बँकेला शिव्या घालत बसले, मराठीत, हिंदीत, आणि नव्यानं शिकलेल्या त्यांच्याच भाषेत. उठून दार उघडावं आणि सगळ्यांना आत बोलवावं असं अनेकदा वाटलं. पण उठले नाही.

शेवटी एक पोक्त बाई आली, केस पांढरे, आमच्या मेट्रनसारखी कडक. चेहरा पुसा, म्हणाली, फोटोशी जुळत नाही. पदरानं पुसला. पासपोर्ट दाखवला, मान फिरवली, खोली फिरवून दाखवली, आईची रिकामी खाट, दिवाण, पडदा वर करून मागची खोली. मग तिनं फोन सरळ धरायला सांगितलं आणि एकेक प्रश्न विचारला. हे खातं उघडायला तुम्हाला कोणी सांगितलं आहे का? नाही. तुमच्याऐवजी दुसरं कोणी हे खातं वापरणार आहे का? नाही. याचा पिन दुसऱ्या कोणाला माहीत असेल का?

मी दाराकडं बघितलं. दाराखालच्या फटीतून पलीकडची उन्हाची पट्टी दिसत होती.

"नाही," मी म्हटलं. "फक्त मला." तिला नीट ऐकू गेलं नसावं, तिनं पुन्हा विचारलं. मग मी ओरडूनच सांगितलं, इंग्रजीत, की हे खातं माझं आहे, फक्त माझं. आमच्या भिंती काही जाड नाहीत, आणि एवढं इंग्रजी दादाला येतं.

कोड माझ्या फोनवर आला. मी तो वाचून दाखवला, एकदाच. तिनं अभिनंदन केलं आणि अर्जात वृद्धाश्रमाची नोकरी वाचून मला शुभेच्छाही दिल्या. मी आभार मानले आणि फोन ठेवला.

दार उघडलं. आईचा चेहरा लालबुंद झाला होता, वहिनी गमछ्यानं तिला वारा घालत होत्या. दादाचा शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, चाल आई, आत. आम्ही तिघांनी तिला उचलून खाटेवर आणलं, कूलर लावला, लिंबूपाणी पाजलं, तिच्या तळपायाला ओलं फडकं लावलं. मी तिची नाडी बघितली, ठीक होती.

मग मी वाट पाहत बसले. मला पक्कं माहीत होतं की दादा आता पिन विचारणार. प्रत्येक कार्डाच्या वेळी त्यानं विचारला होता, आईच्या, वहिनींच्या, माझ्या. सांगून ठेव, तुले काही झालं तं? असं म्हणायचा. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, आणि त्यानंतरच्या भांडणासाठी कंबरही कसून ठेवली होती. वहिनींनी चहा केला. दादा दिवाणावर बसून चहा पीत राहिला, नवी चादर हातानं सारखी करत. पंख्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. विचारेचना. मला त्याचाच राग यायला लागला.

शेवटी मीच म्हटलं, "पिन मी कोणाले सांगणार नाही, दादा. तसा नियम आहे." मग वाटलं, नियमाच्या आड कशाला लपायचं. "नियम नसता तरी नसता सांगितला."

"नोको सांगू," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. कप खाली ठेवला आणि बराच वेळ त्या कपाशीच बोलल्यासारखा बोलला.

"सकाळी तू पेट्रोल भरते ना कार्डानं, तो मेसेज येते मले. पंपाचं नाव असते त्यात. मले समजते, नाइटवरून सुटली, आता येऊन राहिली. मंग मी ड्यूटीवर निघतो. मेसेज नाही आला त्या दिवशी चौकात थांबतो, तुझी गाडी दिसेपर्यंत. तिकडं तू पैसे काढशीन, मले काही येणार नाही. मले कसं समजन, तू ठीक आहे का नाही?"

मला वाटायचं तो पैसे बघतो. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं. आणि चौकात तो कितीदा तरी दिसायचा मला, सायकलला टेकून उभा, मी म्हणायची, इथं काय करून राहिला, ड्यूटीले उशीर होते ना. तो म्हणायचा, निघतोच. रडू आलं आणि रागही आला, खूप राग आला. हे एकदा सांगायला काय झालं होतं या माणसाला? त्या रात्री भातावरून उठून पायरीवर बसण्याऐवजी एवढं एक वाक्य बोलला असता तर?

"फोन करीन ना मी," मी म्हटलं.

"रोज?"

हो म्हणणं फार सोपं होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या.

"रोज नाही होणार, दादा," मी म्हटलं.

"हव," दादा म्हणाला. आईच्या हातातला कप कलंडत होता, तो त्यानं काढून घेतला आणि आत ठेवायला गेला.